फोनवरचा फौजदार

घरातला साधा दूरध्वनी, ज्याला आता सगळे लँडलाइन म्हणतात, तो मोबाईलच्या जमान्यात अडगळीत गेला असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. रेल्वे, गोदी, टपाल, महानगरपालिका, वीज मंडळ, एसटी आणि बँकांतून निवृत्त झालेल्या आपल्या कितीतरी समाजबांधवांच्या घरी तो आजही विणलेल्या रुमालाखाली आपली जागा राखून आहे. एकेकाळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर तो मिळाला होता. फोन आला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले गेले होते. गावाकडच्या भावकीला पाठ असलेला नंबर तोच. पुढे मुलाने इंटरनेट घेतले तेही त्याच नंबरावर. तांब्याच्या तारेच्या जागी फायबर आले, पण नंबर बदलला नाही. आज त्याच नंबरावर भरदुपारी दरोडेखोर येत आहेत. त्यांच्या हातात कोयता नाही, तोंडात कायद्याची भाषा आहे. म्हणूनच या विषयाकडे 'किरकोळ त्रास' म्हणून पाहता येणार नाही.

या उपद्रवाचे प्रकार तीन. तिन्ही एकाच घंटीने येतात, त्यामुळे लोक त्यांची गल्लत करतात. पण प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा आहे.

पहिला प्रकार विक्रेत्यांचा. कर्ज घ्या, विमा उतरवा, हायवेलगत प्लॉट घ्या. हा त्रास आहे, दरोडा नव्हे. दुसरा प्रकार मुक्या फोनचा. गुडघे दुखणारी आजी धडपडत जाऊन फोन उचलते, 'हॅलो हॅलो' करते, पलीकडे शांतता आणि मग फोन कट! यामागे भूतबाधा नाही की शेजाऱ्याचा खोडसाळपणा नाही. कॉल सेंटरमधले यंत्र एकाच वेळी अनेक नंबर फिरवते. जो आधी उचलतो त्याला तिथल्या रिकाम्या माणसाशी जोडून देते. बाकीच्यांसाठी माणूसच शिल्लक नसतो, म्हणून त्यांच्या वाट्याला शांतता येते. तिसरा प्रकार मात्र सरळसरळ भामट्यांचा, आणि आम्हाला मुख्यतः त्याविषयीच लिहायचे आहे.

त्याची सुरुवात बहुधा ध्वनिमुद्रित आवाजाने होते. 'तुमचा दूरध्वनी दोन तासांत बंद केला जाणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा.' कधी ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नाव, कधी कुरिअर कंपनीचे, कधी बँकेचे. ज्याला भीती वाटली नाही तो फोन ठेवून देतो. नऊ कोण दाबतो? जो घाबरला तोच. म्हणजे गिऱ्हाईक निवडण्याचे काम यंत्रानेच केले. आता 'साहेब' फोनवर येतात. तुमच्या आधार कार्डावर दुसरे कनेक्शन निघाले आहे, त्यावरून मोठा गुन्हा झाला आहे, असे सांगतात आणि मेहेरबानी केल्यासारखा फोन 'पोलीस ठाण्याला' जोडून देतात. पाठीमागे वायरलेसचा खरखराट ऐकू येतो. फौजदार दरडावतो, मोबाईल नंबर मागतो आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावतो. लँडलाइन हे नुसते दार असते. तिजोरी मोबाईलमध्ये असते हे त्याला पक्के ठाऊक असते. पडद्यावर गणवेश दिसतो, भिंतीवर राजमुद्रा दिसते, अटकेचे वॉरंट दिसते. 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीबाहेर जायचे नाही, मुलाला सांगायचे नाही.' असे तास जातात, काहींचे दिवस जातात. शेवटी खरी गोष्ट निघते. खात्यातली सर्व रक्कम 'पडताळणीसाठी' अमुक खात्यात पाठवा, निर्दोष ठरलात की परत मिळेल!

या मार्गाने आणि अशाच इतर मार्गांनी किती पैसा जातो? केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात सायबर फसवणुकीत लोकांनी २०२३ साली ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ साली २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट! ऑक्टोबर २०२५ मध्ये हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यांना चक्क सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपये उकळले होते. १ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. म्हणजे प्रकरण कोणत्या थराला गेले आहे ते ध्यानात यावे.

'शिकलेली माणसे फसतातच कशी?' असा कुत्सित प्रश्न हमखास विचारला जातो. आम्ही उलट विचारतो, आपल्या माणसाने कायद्याच्या नावाला का घाबरू नये? ज्याच्या आजोबांना गावच्या चावडीवर बोलावणे आले की त्या दिवशी घरात चूल पेटत नसे, त्याच्या रक्तातून ती धास्ती एका पिढीत कशी जाईल? नोकरीत असताना जात पडताळणीची नोटीस, खातेनिहाय चौकशी, गोपनीय अहवालातला शेरा यांनी कितीदा त्याची झोप उडवली आहे. निर्दोष असूनही कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवायची सवय त्याला लागली आहे. 'आपल्याविरुद्ध कोणीतरी काहीतरी केले असेल' हे त्याला खोटे वाटत नाही, कारण पूर्वी तसे झालेले असते. भामट्याला हा इतिहास माहीत असण्याची गरज नाही. तो नुसती कळ दाबतो, आणि इकडे तीन पिढ्यांची भीती जागी होते.

आणि गेलेला पैसा कोणता असतो? ज्यांच्याकडे वाडवडिलांची जमीन आहे, दुकान आहे, वाडा आहे, त्यांचेही नुकसान होतेच. पण ते पुन्हा उभे राहू शकतात. आपल्याकडे प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी ही बहुतेक घरांतली पहिलीच साठवण असते. तीस-पस्तीस वर्षांच्या चाकरीनंतर मिळालेली ती रक्कम म्हणजे नातीचे इंजिनिअरिंग, मुलाचे घर, म्हातारपणाचे औषधपाणी. ती गेली की एक घर पुन्हा दोन पिढ्या मागे जाते. त्यामुळे हा प्रश्न पोलिसांचा आहे तितकाच चळवळीचाही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर उपाय काय? तंत्राचे उपाय पुढे सांगतोच. पण पहिला उपाय बाबासाहेबांनी १९४९ सालीच आपल्या हाती दिलेला आहे. घटनेच्या मसुद्यात व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' ही हमी निघून गेली तेव्हा घटना समितीत मोठी नाराजी होती. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी स्वतः १५-अ हे नवे कलम मांडले. तेच आज घटनेतले बाविसावे कलम आहे. अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे सांगितलीच पाहिजेत. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेसारखे त्या कलमातच सांगितलेले अपवाद सोडले तर हे संरक्षण सर्वांना आहे.

आता फोनवरच्या फौजदाराला या कलमाच्या कसोटीवर घासून पाहा. तो म्हणतो, कोणाला सांगू नका. घटना म्हणते, वकिलाला बोलवा. तो म्हणतो, तीन दिवस खोलीत बसून राहा. घटना म्हणते, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर न्या. आपल्या कोणत्याही कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची तरतूद नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरील भाषणात हे जाहीरपणे सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार पोलीस चौकशीसाठी हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. पण ती नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. अटक केल्यास नातेवाईकाला किंवा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असल्याखेरीज स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. आणि खात्यातली रक्कम 'तपासून परत देतो' म्हणून मागवणारे कोणतेही पोलीस ठाणे, कोणतेही न्यायालय, कोणतीही रिझर्व्ह बँक या देशात नाही. हे ज्याला पाठ आहे त्याला फोनवर कोणीही अटक करू शकत नाही.

आता घरातल्या उपकरणाकडे वळू.

लँडलाइनची मोठी उणीव अशी की जुन्या यंत्रावर नंबर दिसत नाही. नंबर नाही तर तक्रार कशाची करणार? म्हणून सर्वप्रथम नंबर दाखवणारे यंत्र घ्यावे आणि आपल्या दूरध्वनी कंपनीकडून ती सोय चालू करून घ्यावी. नको असलेले नंबर अडवण्याची सोय असलेली यंत्रेही मिळतात. घरात वृद्ध एकटे असतील तर हा खर्च टाळू नये.

विक्रेत्यांचा त्रास थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंदणी करता येते. तो फोन मोफत आहे आणि लँडलाइनवरूनही लागतो. अशी पहिली नोंदवही २००७ साली सुरू झाली, पुढे २०१०, २०१८ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलत गेले. आता नको असलेल्या फोनची तक्रार सात दिवसांच्या आत करता येते. फोन कोणत्या नंबरावरून, कोणत्या तारखेला, किती वाजता आला आणि बोलणे काय झाले एवढे सांगावे लागते. त्यासाठी फोनशेजारी एक वही आणि दोरीने बांधलेले पेन ठेवावे. नोंदणीकृत विक्रेत्यांचे जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून यायचे असतात, तर बँका आणि सरकारी कार्यालयांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ची मालिका दिलेली आहे. परंतु एक गैरसमज दूर करायला हवा. १९०९ वर नोंदणी केली म्हणजे भामटे थांबले असे होत नाही. ती नोंदवही नियम पाळणाऱ्यांसाठी आहे, आणि चोर कुठल्या नोंदवहीत पाहून घरफोडी करतो?

दिसणारा नंबर खराच असेल याचीही खात्री देता येत नाही. परदेशातून केलेला फोन भारतातल्या नंबरासारखा दाखवण्याची युक्ती भामट्यांकडे आहे. असे फोन अडवण्याची यंत्रणा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. तरीही पडद्यावर पोलीस ठाण्याचा नंबर दिसला म्हणून बोलणारा पोलीसच आहे, असे कोणी मानू नये.

फोन आलाच तर काय करावे? आपण होऊन नाव, पत्ता, जन्मतारीख सांगू नये. आपले नाव त्याला माहीत आहे म्हणून दबून जाऊ नये. आपला नंबर, नाव आणि पत्ता वर्षानुवर्षे टेलिफोन डिरेक्टरीत आडनावासह छापला गेलेला आहे, त्यात कसली आली जादू? सांगितलेला आकडा दाबू नये, सांगितलेला नंबर फिरवू नये. मोबाईल नंबर आणि ओटीपी देऊ नये. 'लेखी पाठवा, माझा मुलगा आणि वकील येऊन भेटतील' एवढे एक वाक्य बोलून फोन ठेवावा. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या वरच्या भिंतीला चिकटवून ठेवावे. उद्धटपणा होईल म्हणून संकोच करणारी आपली माणसे आहेत. त्यांना आम्ही सांगतो, चोराशी सभ्यतेने वागण्याचे बंधन कोणत्याही शीलात नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. खातरजमेसाठी बँकेला किंवा पोलीस ठाण्याला फोन करायचा तर तो शक्यतो दुसऱ्या फोनवरून करावा. ब्रिटनमध्ये लँडलाइनवरच्या ठगांनी एक डाव बरीच वर्षे खेळला. 'विश्वास नसेल तर फोन ठेवा आणि बँकेला विचारा' असे ते स्वतःच सांगत. समोरच्याने फोन ठेवला तरी ठगाने ठेवलेला नसे, त्यामुळे तिथल्या एक्स्चेंजमध्ये लाइन काही काळ जोडलेलीच राही. बिचारा माणूस बँकेचा नंबर फिरवी आणि पलीकडून पुन्हा तोच ठग 'बँक' म्हणून बोले. पुढे तिथल्या कंपन्यांना लाइन तुटण्याचा हा अवधी कमी करावा लागला. बँकेचा नंबर पासबुकावरून घ्यावा, फोन करणाऱ्याने दिलेला घेऊ नये.

आणि पैसे गेलेच तर? रडत बसू नये, लपवू नये, ताबडतोब १९३० फिरवावा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन २०२१ साली १५५२६० या क्रमांकाने सुरू झाली आणि पुढे तिला १९३० हा सोपा क्रमांक मिळाला. तक्रार येताच रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेला कळवले जाते आणि तिथे शिल्लक असेल ती गोठवली जाते. भामटे एका खात्यातून दहा खात्यांत पैसे फिरवतात, म्हणून पहिला तास सोन्यासारखा. त्याचवेळी आपल्या बँकेलाही कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेले सूत्र असे आहे की ग्राहकाने ओटीपी वगैरे देण्याची चूक केली असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेच्या माथी. अर्थात उशिराची प्रत्येक घटका आपल्या खिशातून जाते. पैसे गेले नाहीत, पण संशयास्पद फोन आला, तर संचार साथी पोर्टलवरील 'चक्षू' या सोयीत कळवता येते.

एवढे सगळे नागरिकाने करायचे. मग शासनाने आणि बँकांनी काय करायचे? आमचा रोकडा सवाल आहे. वस्तीतल्या विधवा बाईला साधे बचत खाते उघडायचे तर दहा कागद आणि दहा हेलपाटे. मग भामट्यांना शेकड्याने खाती मिळतात कशी? ज्या निवृत्ताच्या खात्यात महिन्याला पेन्शन जमा होते आणि महिन्याला किराणा निघतो, त्या खात्यातून एका दुपारी आयुष्याची पुंजी बाहेर जाते, तेव्हा बँकेच्या यंत्राला शंका का येत नाही? ग्राहकाला सावध राहायला सांगणारे फलक लावले की बँकेची जबाबदारी संपते काय?

त्या भाड्याच्या खात्यांत आपल्याच गोरगरीब पोरांची नावे असतात, हे दुःखाने नमूद करावे लागते. 'खाते वापरायला दे, काही हजार मिळतील' या आमिषाला विद्यार्थी आणि बेकार तरुण बळी पडतात. पैसे भामटा नेतो आणि पोलीस मात्र खातेदाराच्या दारात येतात. फोनच्या दुसऱ्या टोकाचीही हीच कथा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या नागरिकांना तिकडच्या आयकर खात्याच्या नावाने धमकावले जात होते. सातशेहून अधिक जण ताब्यात घेतले गेले आणि सुमारे सत्तर जणांना अटक झाली. आज आपल्या आजोबांना धमकावणारा मजकूर त्याच साच्यातला आहे. २०२५ साली तर म्यानमारमधील सायबर गुन्ह्यांच्या छावण्यांतून शेकडो भारतीय तरुणांची सुटका करून त्यांना परत आणावे लागले. परदेशात नोकरी म्हणून नेले, पासपोर्ट काढून घेतला आणि फसवणुकीच्या कामाला जुंपले. एका टोकाला निवृत्त बाप आणि दुसऱ्या टोकाला बेकार मुलगा, असा हा धंदा आहे. मुलाच्या हाताला सन्मानाचे काम नसेल तर बापाची पुंजी सुरक्षित राहणार नाही.

समाजबांधवांनो, सर्वात मोठी काळजी आपल्याच घरात घ्यायची आहे. फसलेल्या माणसाला 'एवढे शिकून काय उपयोग' असे टोचून बोलू नका. या टोमण्याच्या भीतीनेच माणसे गप्प राहतात, पहिला तास निघून जातो, आणि काही जण तर जीव देण्यापर्यंत जातात. लाज चोराला वाटायला हवी.

आषाढी पौर्णिमेपासून विहाराविहारांत वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते, वस्तीतले वृद्ध रोज संध्याकाळी एकत्र बसतात. त्यातली पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत. महिला मंडळांनी घरोघरी जाऊन १९०९ आणि १९३० हे दोन आकडे फोनशेजारी लिहून यावेत. वकिली करणाऱ्या तरुणांनी एका रविवारी बाविसावे कलम सोप्या मराठीत समजावून सांगावे. निवृत्त कर्मचारी संघटनांनी पेन्शनच्या बैठकीत ते वाचून दाखवावे. पुढच्या वेळी फोनवरचा फौजदार दरडावू लागला की आपल्या आजीने त्यालाच शांतपणे विचारावे, 'साहेब, मला चोवीस तासांत कोणत्या दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणार? त्यांचे नाव सांगा, मी वकिलाला घेऊन येते.'